आधी पुस्तकाचं वय बघा: कौटुंबिक कायद्याची उत्तरं नागपुरात शोधताना

पोटगीचं कलम कोणतं, असं विचारलं की उत्तर येतं ‘एकशे पंचवीस’. वकिलांच्या तोंडी तेच, पोलिस ठाण्यात तेच, ग्रंथालयातल्या बऱ्याच पुस्तकांतही तेच. पण १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पोटगी कलम १४४ मध्ये गेली. गंमत म्हणजे जुन्या संहितेत १४४ म्हणजे जमावबंदी, जी आता १६३ मध्ये आहे. कुणाकडून तरी ‘१४४’ ऐकून जुनं पुस्तक उघडणाऱ्या बाईला पोटगीऐवजी जमावबंदी वाचायला मिळते. म्हणून जुनी पुस्तकं रद्दीत घालावीत, तर तेही नाही. १ जुलै २०२४ च्या आधी दाखल झालेले अर्ज नव्या संहितेच्या कलम ५३१ मुळे जुन्याच संहितेखाली चालतात. दोन्ही पुस्तकं लागतात. कोणतं उघडायचं ते अर्जावरची तारीख ठरवते.

त्यामुळे कौटुंबिक कायद्याचं कोणतंही पुस्तक हातात आलं की मागचं पान आधी उघडावं. आवृत्ती कोणती, साल कोणतं, ‘अमुक तारखेपर्यंत सुधारित’ असं छापलंय का. मराठी पुस्तिकांच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं, कारण त्या वर्षानुवर्षं जशाच्या तशा पुन्हा छापल्या जातात. पोटगी दरमहा ५०० रुपयांच्या वर मिळत नाही असं सांगणारी पुस्तिका अजून एखाद्या कपाटात सापडते. संहितेतली ती मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने गेली. जुन्या भारतीय दंड संहितेतलं विवाहितेच्या छळाचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ आहे, मात्र १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला ४९८-अ च लागतं. मुलींच्या वडिलोपार्जित हिश्श्याची तर तीन थरांची भानगड आहे: महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती, ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला दिलेला निकाल. वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असायला हवेत, ही अट त्या निकालाने काढली. २०१६ ते २०२० या काळात छापलेल्या पुस्तकांत ती अट ठळक अक्षरांत असू शकते. पुस्तक छापलं तेव्हा ते बरोबरच होतं, आणि हीच अडचण आहे.

आता कपाटांकडे. ड्युई पद्धतीने, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देऊन, मांडलेल्या ग्रंथालयात कौटुंबिक कायदा ३४६.०१५ पासून सुरू होतो. विवाह, घटस्फोट, पालकत्व तिथेच पुढे. वारसा ३४६.०५ ला. पण मुस्लिम कायदा बरेचदा ३४०.५९ ला असतो, आणि पोटगीचं कलम फौजदारी प्रक्रियेत असल्यामुळे त्याची पुस्तकं ३४५.०५ ला, कधी दुसऱ्याच खोलीत. ‘घटस्फोट’ची फळी चाळून ‘पोटगीवर काहीच नाही’ असं म्हणत परत जाणारे पुष्कळ. ग्रंथपालाला विषय सांगण्यापेक्षा कायद्याचं नाव सांगितलेलं बरं, कारण कपाट नावावर सापडतं.

नागपुरात कायद्याची पुस्तकं कमी नाहीत. लॉ कॉलेज चौकाला ज्याच्यामुळे नाव पडलं ते विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे, वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठातलं आणि वकील संघाचं ग्रंथालय आहे, पण ती न्यायमूर्ती आणि वकिलांसाठीची. सामान्य माणसाने तिथे थेट शिरायची अपेक्षा ठेवू नये. महाविद्यालयात मात्र ओळखपत्र आणि ‘अमुक कायदा वाचायचा आहे’ असा चार ओळींचा अर्ज घेऊन ग्रंथपालांकडे जायला हरकत नाही. पुस्तक घरी मिळणार नाही, बसून वाचायचं आणि हव्या त्या पानांची झेरॉक्स मागायची. परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका, जागाही नसते आणि कुणाला वेळही नसतो.

आणि देशभरच्या वकिलांच्या कपाटात निकालांचे जे खंड दिसतात ते ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे एआयआर, हे आपल्याच गावचं. व्ही. व्ही. चितळे यांनी सुरू केलेलं. खंड १९१४ पासूनचे आणि कार्यालय काँग्रेसनगरात. नागपूरकराला निदान एआयआरमधल्या निकालाचा पत्ता वाचता यावा, म्हणून एक उदाहरण घेऊ.

‘एआयआर १९८५ एससी ९४५’. हा शाहबानो खटला. १९८५ सालचा एआयआर काढायचा, त्यात एससी म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, आणि त्या विभागाचं पान ९४५. प्रत्येक न्यायालयाच्या विभागाची पानं वेगळी मोजलेली असतात, त्यामुळे ‘बॉम’ म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या विभागातलं ९४५ शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही. हाच निकाल ‘(१९८५) २ एससीसी ५५६’ असाही लिहिलेला दिसेल. हे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या दुसऱ्या प्रकाशनाचं: १९८५ सालचा दुसरा खंड, पान ५५६. पत्ते दोन, निकाल एकच. दोन निकाल समजून दोन्ही उतरवणारे विद्यार्थीही भेटतात. जुन्या पत्त्यात ‘नाग’ दिसलं तर तो आपल्याकडच्या न्यायालयाचा, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधीचा विभाग. त्यानंतर नागपूर हे मुंबई उच्च न्यायालयाचं पीठ झालं आणि इथले निकाल ‘बॉम’ मध्ये गेले. हल्ली निकालावर न्यायालय स्वतःच क्रमांक घालतं. सर्वोच्च न्यायालयाचा असेल तर सालापुढे ‘आयएनएससी’, मुंबईचा असेल तर ‘बीएचसी’, आणि त्यालाच जोडून ‘एनएजी’ असेल तर तो नागपूर खंडपीठाचा. शेवटी ‘डीबी’ म्हणजे दोन न्यायमूर्तींचं पीठ. या क्रमांकाला कुठल्या प्रकाशनाची गरज नाही.

निकाल उघडल्यावर सुरुवातीला बारीक अक्षरात जो सारांश असतो, हेडनोट, तो प्रकाशकाचा किंवा संपादकाचा असतो, न्यायमूर्तींचा नाही. त्यावरून मजकूर उचलू नये. परिच्छेदांना क्रमांक असतात. हेडनोटमध्ये दिलेल्या क्रमांकाच्या परिच्छेदावर जाऊन मूळ वाक्य वाचायचं.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात: सापडलेला निकाल अजून जिवंत आहे का? सासरच्या घरात राहण्याच्या हक्काचं उदाहरण घ्या. एस. आर. बत्रा विरुद्ध तरुणा बत्रा, (२००७) ३ एससीसी १६९. घर सासूच्या स्वतःच्या नावावर असेल तर ते ‘सामायिक घर’ नाही, सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. पुढची तेरा-चौदा वर्षं ठिकठिकाणी याच निकालाचा आधार दिला गेला, त्यामुळे नाव टाकून शोधलं की तो अजूनही ढिगाने वर येतो. पण १५ ऑक्टोबर २०२० ला तीन न्यायमूर्तींनी सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा, (२०२१) १ एससीसी ४१४, या निकालात बत्राचा अर्थ चुकीचा ठरवला. घर कुणाच्या नावावर आहे एवढ्यावर आता ते ठरत नाही. ती तिथे घरची म्हणून, कायमच्या निवासासाठी राहत होती का, हे बघायचं. म्हणजे सासऱ्याच्या घरात कायमची खोली मिळाली असंही नाही. तो हक्क कोर्टाला परिस्थिती बघून ठरवायचा आहे आणि त्याऐवजी दुसरं राहण्याजोगं घर द्यायचाही आदेश होऊ शकतो. मोफत संकेतस्थळावर बत्रा वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, कारण निकालाच्या माथ्यावर ‘हा आता चालत नाही’ अशी पाटी असेलच याची खात्री नसते. उपाय साधा आहे. जो निकाल वापरायचाय त्याचं नाव पुन्हा शोधात टाकायचं, नंतरच्या सालातले सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वर आणायचे, आणि त्यांत आपल्या निकालाबद्दल काय म्हटलंय ते बघायचं. दोनाच्या पीठापेक्षा तिघांचं पीठ वरचढ, हे लक्षात ठेवलं तरी निम्मा घोळ मिटतो.

घरबसल्या, पैसे न देता मिळणारं साहित्यही चांगलं आहे. केंद्राचे आणि राज्याचे कायदे ‘इंडिया कोड’वर. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर मोफत आहेत, आणि त्यांतल्या काहींची मराठी भाषांतरंही मिळतात. भाषांतर समजून घ्यायला वापरा, कोर्टात इंग्रजीच धरलं जातं. केंद्रीय कायद्यांच्या मराठी पाठाचं तसं नाही. १९७३ च्या प्राधिकृत पाठ कायद्यानुसार राजपत्रात आलेला मराठी पाठ अधिकृत मानला जातो. भाषा जड आहे, ‘निर्वाहखर्च’ वगैरे, पण बाजारातल्या ‘सोप्या मराठीत कायदा’ पेक्षा मी तोच हातात देईन, शेजारी साध्या मराठीत चार ओळी लिहून. आपल्या खटल्याची तारीख बघायला ई-कोर्ट्सचं ॲप. त्याला सीएनआर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतःचा १६ अक्षरांचा क्रमांक लागतो. तो वकिलाकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा, म्हणजे ‘पुढची तारीख कधी’ हे विचारायला सिव्हिल लाइन्सची फेरी पडत नाही.

साहित्य मिळालं, पण कुठला कायदा? नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. बौद्ध जोडप्यांना वेगळा कायदा आहे असा समज सर्रास आढळतो. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २ प्रमाणे तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. याउलट गोंड जोडप्याला, अनुसूचित जमात म्हणून, त्याच कलमाच्या पोटकलम २ मुळे तो आपोआप लागू होत नाही. तिथे जमातीची रूढी काय, हे पुराव्याने दाखवावं लागतं. सदरमधल्या ख्रिस्ती जोडप्याला १८६९ च्या घटस्फोट कायद्यातलं कलम १०-अ बघावं लागेल: परस्पर संमतीसाठी त्यात दोन वर्षं वेगळं राहिल्याचं लिहिलंय, तर हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब मध्ये आणि विशेष विवाह कायद्यात एक वर्ष. मोमिनपुऱ्यातल्या किंवा कामठीच्या मुस्लिम महिलेला पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखाली जाता येतं, हे १० जुलै २०२४ च्या निकालाने पुन्हा पक्कं झालं. पोटगीचं कलम आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा धर्म विचारत नाहीत, म्हणून गोंधळलेल्या माणसाला आधी हे दोन दाखवावेत.

कुठल्या कोर्टात, हा दुसरा अडथळा. वस्तीतल्या कायदा-माहिती शिबिरात हा विषय नकाशाने शिकवावा. लग्न उमरेडला झालं, दोघं शेवटचे एकत्र राहिले वर्ध्याला, ती आता नागपूरच्या महाल भागात माहेरी, तो नोकरीला पुण्यात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तिला चारही ठिकाणं खुली: लग्न जिथे झालं ते, सामनेवाला राहतो ते, शेवटचं एकत्र राहिलेलं, आणि २००३ च्या दुरुस्तीने मिळालेलं तिचं स्वतःचं राहतं ठिकाण. त्याला मात्र पुणे नाही. त्याने उमरेड, वर्धा किंवा ती राहते ते नागपूर निवडायचं. लोक फळ्यावर ही चार गावं बघतात तेव्हा कलम आपोआप लक्षात राहतं. शहरात पोटगीचा अर्ज कुटुंब न्यायालयात जातो, तालुक्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे. हिंसाचाराचा अर्ज शहरातही दंडाधिकाऱ्याकडेच, पण आधीच कुटुंब न्यायालयात खटला चालू असेल तर त्या कायद्याच्या कलम २६ खाली तिथेच संरक्षण मागता येतं.

संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर थांबायचे सहा महिने हा गैरसमजांचा कारखाना आहे. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर, (२०१७) ८ एससीसी ७४६, नंतर ‘आता थांबावं लागत नाही’ असं पसरलं. निकालात तसं नाही. पहिल्या अर्जाच्या आधीच वेगळं राहण्याचं वर्ष आणि वरचे सहा महिने, असे मिळून १८ महिने होऊन गेले असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील, पोटगी-ताबा-सामान सगळं खरोखर मिटलेलं असेल आणि थांबण्याने नुसता त्रासच वाढणार असेल, तर कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने तसा अर्ज देता येतो. करू शकतं, करेलच असं नाही.

आणि ‘मॅडम, स्टॅम्पवर दोघांच्या सह्या झाल्या ना, मग कोर्ट कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक शिबिरात हमखास येतो. स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, नोटरीचा शिक्का असो नसो, हिंदू विवाह त्याने मोडत नाही. त्या कायद्याच्या, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या, कलम २९(२) मध्ये रूढीने मिळणाऱ्या सोडचिठ्ठीला जागा आहे, पण आपल्या समाजात ती रूढी जुनी आणि चालत आलेली आहे हे सिद्ध करायचं ओझं तसं म्हणणाऱ्यावर. ते झालं नाही आणि तेवढ्यात दुसरं लग्न लागलं, तर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं.

पोटगीच्या प्रकरणात खरी मेहनत प्रतिज्ञापत्रावर घ्यावी लागते. रजनेश विरुद्ध नेहा, (२०२१) २ एससीसी ३२४, ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल. दोन्ही बाजूंनी मालमत्ता, उत्पन्न, कर्ज आणि खर्च उघड करायचा, आणि त्याचे नमुने निकालाच्याच शेवटी जोडलेत. नमुना एक शहरी, पगारदार, धंदेवाल्यांसाठी. नमुना दोन शेतीवाल्यांसाठी, आणि काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्यात तोच लागतो. लोक मात्र टायपिस्टकडे असलेला एक नंबरचाच भरतात. मग ‘मासिक पगार: निरंक’ लिहिलं जातं आणि सात एकर बाग कागदावर येतच नाही. नमुना दोनमध्ये जमीन किती, आपला हिस्सा किती, ओलिताची की कोरडवाहू, पीक काय, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटईने घेतलेली जमीन, गाई-म्हशी-बकऱ्या, सगळे रकाने आहेत. सोबत सातबारा आणि फेरफार लावायचा. सामनेवाल्याला हे भरून द्यायला चार आठवडे, आणि जास्तीत जास्त दोन मुदतवाढी. दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि रोजमजुरांना कोर्ट यातून सूट देऊ शकतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, हेही याच निकालात. थकलेली रक्कम वसूल करायची तर ती देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज हवा, आणि ही मुदत चुकवणाऱ्या बायका फार. ‘देईल आज-उद्या’ म्हणत वर्ष निघून जातं.

अपिलाबाबत थोडक्यात: कुटुंब न्यायालय कायद्यात ३० दिवस लिहिलेत, हिंदू विवाह कायद्यात ९०. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१६ मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या प्रकरणांत ९० धरले. तरी ३० च्या आत जावं, वाद कशाला.

शिबिरांबद्दल. दोन तासांत पाच कायदे सांगितले की घरी एकही पोचत नाही. एक शिबिर, एक कायदा, तीस-चाळीस माणसं. मे महिन्यात दुपारी मंडपात ठेवू नये. ४५ अंशांत कलम १२ कुणाच्या डोक्यात शिरणार? धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांसाठी दुपारी दोन ते चार ही वेळ, जागा अंगणवाडी किंवा समाजमंदिर, जमवाजमव बचत गटाकडून. हिंसाचार कायद्याचं शिबिर असेल तर सांगायचं ते एवढंच: अर्ज कलम १२ खाली, थेट दंडाधिकाऱ्याकडे देता येतो, संरक्षण अधिकारी तो मोफत लिहून द्यायला मदत करतो, त्याचा घटना अहवाल आधी हवाच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो, हे दोन शब्द मोठ्याने म्हणावेत, नाहीतर एकसष्टाव्या दिवशी शिव्या आपल्याला.

उपस्थितीच्या कागदावर ‘समस्या’ असा रकाना ठेवू नये. तो कागद हातोहात फिरतो आणि शेजारीण वाचते. कुणाचं चालू प्रकरण उदाहरण म्हणून सांगू नये, नाव बदलूनही नाही; वस्तीत नाव न घेताही ओळख पटते. शिवाय हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ अशा खटल्यातला मजकूर छापायला मनाई करतं, तेव्हा पत्रकातही तो नको.

ग्रंथपालाने आणि विधी स्वयंसेवकाने एक रेघ पाळायची असते. ‘१३-ब मध्ये काय लिहिलंय ते इथे वाचा’, ही माहिती. ‘ताई, तुम्ही १३-ब च टाका’, हा सल्ला, आणि तो वकिलाचा. समोरची रडत असते तेव्हा ही रेघ पाळणं अवघड जातं. अशा वेळी तिला न्यायमंदिरातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावं, किंवा विधी सेवेचा १५१०० हा मदत क्रमांक लावून द्यावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. तिथे उत्पन्नाचा दाखला आणायला परत पाठवलं तर हेच कलम दाखवायचं. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार यांसाठी महिलांना राज्याच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फीही माफ आहे. जाताना लग्नपत्रिका किंवा लग्नाचा फोटो, असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, आधार, आणि घटना तारखांसह लिहिलेलं एक पान, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हाती ठेवून येऊ नये, आणि त्या एका पानावर तारखा आठवत नसतील तर ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असं लिहिलं तरी चालतं, पोळा कोणत्या सालचा तेवढं मात्र लिहावं.